आघात, कथन आणि 'एकसंध मी'चा आग्रह

१

आघाताच्या साहित्याविषयी लिहिताना आपल्याकडील अभ्यासक आता एक सूत्र जवळजवळ सवयीने वापरू लागले आहेत. आघात म्हणजे कथनाचा भंग, आणि आघातातून सावरणे म्हणजे भंगलेले कथन पुन्हा जुळवणे. शोधनिबंधाच्या पहिल्या परिच्छेदात ज्युडिथ हर्मन आणि कॅथी करुथ यांची नावे येतात, दुसऱ्यात हे सूत्र येते, आणि मग हाताशी असलेली कादंबरी वा आत्मकथन त्यावर घासून पाहिले जाते. सूत्र सुबक आहे. साहित्याच्या अभ्यासकाला ते आवडावे यात नवलही नाही, कारण आपले क्षेत्रच येथे औषध ठरते. मात्र या औषधाची खरी परीक्षा ज्यांच्या बाबतीत व्हायला हवी, ती माणसे या लेखनात उपमान म्हणून तेवढी डोकावतात. मी विच्छेदित ओळखीच्या माणसांविषयी बोलतो आहे. पूर्वी त्यांच्या अवस्थेला 'बहुव्यक्तिमत्त्व' म्हणत. आज मनोविकारशास्त्रात 'डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर' हे नाव रूढ आहे.

या माणसांच्या उपचारांचा आणि बरे होण्याचा जो इतिहास ग्रंथरूपाने आपल्यापुढे आहे, तो वाचताना एक गोष्ट लपत नाही. 'बरे होणे' कशाला म्हणायचे हे तेथे पुष्कळदा कादंबरीच्या संकेतांनी ठरवले गेले आहे. अनेक निवेदक होते, अखेरीस एक उरला. रहस्य होते, अखेरीस उलगडले. ग्रंथ संपला, म्हणून रुग्ण बरा झाला. ज्या समीक्षेने रोलां बार्थच्या १९६७ मधील निबंधापासून संहितेवरील लेखकाच्या एकहाती सत्तेविषयी संशय बाळगायला शिकवले, ती समीक्षा पानावर जे मान्य करणार नाही ते दवाखान्यात निमूटपणे मान्य करते. माझा पहिला आक्षेप या विसंगतीला आहे.

दुसरा आक्षेप याच्या उलट टोकाला बसलेल्यांना आहे. एकसंध 'मी' हा भ्रमच असल्याने दुभंगलेला 'मी' हाच खरा, असे मानून हे लोक या रुग्णांना उत्तर-आधुनिकतेचे ध्वजवाहक करून टाकतात. (आपल्याकडे यात आणखी एक घोटाळा होतो. 'दुभंगलेले व्यक्तिमत्त्व' हा शब्दप्रयोग छिन्नमनस्कतेसाठीही सर्रास वापरला जातो. वास्तविक स्किझोफ्रेनिया ही सर्वस्वी वेगळी विकृती आहे.) एकसंधतेचे भक्त आणि भंगाचे भक्त यांचे भांडण दिसायला मोठे असले तरी एका बाबतीत दोघे समान आहेत. विस्मृतीकडे दोघांचेही लक्ष नाही.

२

विस्मृती म्हणजे येथे नेमके काय? संध्याकाळी सहा ते रात्री अकरा या वेळात आपण कोठे होतो हे माहीत नसणे. आपण विकत न घेतलेली वस्तू आपल्याच कपाटात सापडणे. आपल्याच वहीत आपल्या नसलेल्या अक्षरातली चिठ्ठी मिळणे. ओळख नसलेल्या माणसाने रस्त्यात नावाने हाक मारणे, आणि ती हाक आपल्या नावाने नसणे. अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनच्या निदानपुस्तिकेने १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीत बहुव्यक्तिमत्त्वाला स्वतंत्र स्थान दिले. १९९४ च्या चौथ्या आवृत्तीत नाव बदलले आणि विस्मृतीचा निकष स्पष्टपणे घातला गेला. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीने तो अधिक विस्तारून त्यात रोजच्या साध्या घटनांचे विस्मरणही धरले. १९९४ च्या नामांतरामागची भूमिका डेव्हिड स्पीगल यांनी मांडली होती. तिचा आशय असा की, या माणसांची अडचण एकाहून जास्त व्यक्तिमत्त्वे असणे ही नाही. एकही पुरते हाती नसणे ही आहे. ध्वजवाहकांनी हे एवढे जरी वाचले असते तरी बराच उत्सव टळला असता.

आता कथनवाद्यांच्या मूळपुरुषाकडे वळू. पिएर जाने यांचा मानसिक स्वयंचलनावरील ग्रंथ १८८९ चा. आघाताची स्मृती आणि कथनात्म स्मृती हा जो भेद आज सर्वत्र उद्धृत होतो, तो जाने यांच्याकडून बेसेल व्हॅन डर कोल्क आणि ओन्नो व्हॅन डर हार्ट यांच्या निबंधामार्फत आपल्यापर्यंत आला. हा निबंध १९९५ मध्ये करुथ यांनी संपादित केलेल्या संग्रहात समाविष्ट झाला आणि साहित्याच्या विभागांत पोचला. त्यातले इरेनचे उदाहरण प्रसिद्ध आहे. क्षयाने गेलेल्या आईची शुश्रूषा करणारी ही तरुणी आईच्या मृत्यूची रात्र झटक्यासरशी जशीच्या तशी पुन्हा करून दाखवी. त्यात तास जात, समोर कोण आहे याचे तिला भान नसे, आणि एरवी विचारले तर आई गेल्याचे तिला आठवत नसे. उपचारांनंतर ती तीच हकिगत थोडक्यात, ऐकणारा कोण आहे हे पाहून, सांगू लागली. आपल्याला हवी असलेली स्मृती ती हीच, असे कथनवादी म्हणतात.

परंतु जाने यांची दुसरी रुग्ण मारी कथनवाद्यांना अडचणीची आहे. लहानपणी चेहऱ्यावर त्वचारोग असलेल्या मुलाशेजारी तिला झोपावे लागले होते, आणि डाव्या डोळ्याला आलेल्या तिच्या अंधत्वाचा धागा जाने यांनी त्या रात्रीशी जोडला. मग संमोहनावस्थेत त्यांनी तिला ते मूल निरोगी आणि गोड असल्याचे पटवून दिले. म्हणजे स्मृतीचे कथन करवले नाही. स्मृती बदलून टाकली. मारीला दिसू लागले. रूथ लेज यांनी २००० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आघातविषयक वंशावळीत, आणि त्याआधी १९९५ मध्ये इयन हॅकिंग यांनी, या विसरवण्याच्या उपचारांकडे लक्ष वेधले आहे. जाने जितके सांगायला लावत तितकेच पुसूनही टाकत. कथनाच्या महतीसाठी ज्याला आद्य प्रमाण मानले, त्याने एका रुग्णाला सत्यकथनाने आणि दुसरीला धादांत कल्पितकथेने बरे केले असेल, तर 'कथन जुळले म्हणून रुग्ण बरा झाला' या वाक्यातील कार्यकारणभाव पुन्हा तपासावा लागेल. ती तपासणी न करता अर्धे जाने उचलायचे आणि अर्धे झाकायचे, याला अभ्यास म्हणता येत नाही.

३

जाने निदान स्वतःला वैद्य समजत. त्यांच्यानंतर आलेले अनेक जण लेखक होते, आणि गुंता येथे सुरू होतो.

बोस्टनच्या मॉर्टन प्रिन्स यांनी १९०६ मध्ये 'मिस बोशां' या टोपणनावाखाली एका विद्यार्थिनीची हकिगत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. ग्रंथाचे उपशीर्षक त्याला चरित्रात्मक अभ्यास म्हणते. अनेक व्यक्तींपैकी 'खरी' मिस बोशां कोणती, हा ग्रंथाचा चालक प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर प्रिन्स देतात. दोन व्यक्ती एकत्र करून ते खरी मिस बोशां सिद्ध करतात. तिसरी, सॅली, खोडकर, हजरजबाबी, कोणत्याही वाचकाला सर्वांत जिवंत वाटणारी. तिने स्वतःचे आत्मचरित्रही लिहिले आहे आणि ते याच ग्रंथात आहे. पण सॅली नायिकेत बसत नाही. तिला राहायचे असूनही, जिथून आली तिथे तिला परत पाठवले जाते. संपादकाने पात्र कापावे तसे हे आहे. ज्या निकषावर कापले तो वैद्यकीय होता की तत्कालीन न्यू इंग्लंडमधील स्त्रीच्या सभ्यतेचा, हा प्रश्न ग्रंथ वाचणाऱ्याला टाळता येत नाही.

त्याहून बोलके उदाहरण 'ईव्ह'चे. जॉर्जियातील ऑगस्टा येथील कॉर्बेट थिगपेन आणि हर्वी क्लेकली या दोन मनोविकारतज्ज्ञांचा ग्रंथ १९५७ मध्ये आला, आणि त्याच वर्षी चित्रपटही. जोआन वुडवर्डला त्यातील भूमिकेसाठी ऑस्कर मिळाले. सोशिक ईव्ह व्हाइट आणि उच्छृंखल ईव्ह ब्लॅक यांच्या संघर्षातून समतोल जेन प्रकटते. चित्रपटात तर मृत आजीचे चुंबन घ्यायला लावल्याची बालपणीची एक आठवण वर येते, आणि ती आल्याबरोबर दोघी ईव्ह लोप पावतात. प्रबंध, प्रतिप्रबंध, समन्वय! एक स्मृती सापडली की सारे सुटते, हा रहस्यकथेचा करार येथे उपचाराचे तत्त्व होऊन बसला.

ती स्त्री, क्रिस कॉस्टनर साइझमोर, यानंतर जवळजवळ वीस वर्षे आजारीच होती. १९७७ मध्ये 'आय अॅम ईव्ह' या पुस्तकाद्वारे तिने स्वतःच्या नावाने सांगितले की व्यक्ती तीन नव्हत्या, एकूण वीसहून अधिक होत्या, आणि ग्रंथ संपल्यावरही त्या येतच राहिल्या. १९५८ साली तिच्या बाजूने एक पुस्तक आले होते, पण तेही टोपणनावाने. म्हणजे स्वतःची हकिगत स्वतःच्या नावाने सांगण्यासाठी या स्त्रीला वीस वर्षे थांबावे लागले. त्या काळात जगाच्या दृष्टीने ती बरी झालेली होती, कारण चित्रपट संपला होता.

साहित्यविचाराच्या अभ्यासकाने विशेष थांबावे असा तपशील पुढे आहे. १९८९ मध्ये साइझमोरने चित्रपटसंस्थेवर दावा लावला. तिच्या जीवनकथेचे हक्क आपल्याकडे कायमचे आहेत, असे ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सचे म्हणणे होते, आणि त्यासाठी पुढे केलेला करार १९५६ चा होता. त्या करारावर तिच्याकडून तिच्या कायदेशीर नावाने, शिवाय ईव्ह व्हाइट, ईव्ह ब्लॅक आणि जेन अशा नावांनीही सह्या घेतल्या गेल्या होत्या. तिच्या बाजूने तेव्हा वकील नव्हता. प्रकरण न्यायालयाबाहेर तडजोडीने मिटले. उपचाराच्या खोलीत ज्या व्यक्तींना रुग्णाचे तात्पुरते अंश मानून विलीन करायचे होते, त्यांना हक्क लिहून घेण्याच्या क्षणी स्वतंत्र स्वाक्षरीचा अधिकार मिळाला! कर्तृत्व, सही आणि संहितेची मालकी यांवर आपण डेरिदाच्या आधाराने पुष्कळ लिहिले; या एका कागदावर मात्र क्वचितच.

'सिबिल'बद्दल थोडक्यात सांगतो, कारण ते प्रकरण आता बरेच उकरले गेले आहे. फ्लोरा श्रायबर यांचे हे पुस्तक १९७३ चे. सोळा व्यक्ती, मनोविश्लेषक कॉर्नेलिया विल्बर, आणि शेवटी एकात्म झालेली सतरावी. पुस्तकाचा निवेदक सर्वज्ञ आहे. नायिकेच्या आयुष्यात गहाळ झालेल्या तासांपैकी एकही त्याच्या हातून निसटत नाही. ज्या आजाराचा गाभा विस्मृती आहे, त्याची हकिगत कधीही न विसरणाऱ्या निवेदकाने सांगावी, यातच ते पुस्तक रुग्णापासून किती दूर आहे हे कळते. पुढे डेबी नेथन यांनी २०११ मध्ये कागदपत्रांच्या आधारे दाखवले की, शर्ली मेसन हिला विल्बर यांनी वर्षानुवर्षे पेंटोथाल दिले होते, तिघींत उत्पन्नाच्या वाटणीचा करार होता, आणि १९५८ मध्ये मेसनने विल्बर यांना आपल्यात अनेक व्यक्ती नाहीत असे पत्र लिहिले होते. विल्बर यांनी त्या पत्राचा अर्थ उपचाराला होणारा विरोध असा लावला. हर्बर्ट स्पीगल यांनी काही काळ मेसनला तपासले होते. बहुव्यक्तिमत्त्व म्हटले नाही तर प्रकाशक पुस्तक घेणार नाही असे आपल्याला सांगण्यात आले होते, हे त्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुलाखतीत नमूद केले आहे.

येथे तिसरा प्रतिपक्ष उभा राहतो. तो म्हणतो: झाले तर मग, सारा आजारच कादंबरीतून जन्मला, डॉक्टरांनी सुचवले आणि रुग्णांनी वठवले. या म्हणण्यात तथ्यांश आहे आणि तो नाकारून चालणार नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेत निदानांची संख्या फुगली. संमोहनाने 'सापडलेल्या' आठवणींत सैतानपूजकांच्या गुप्त संघटना अवतरल्या. १९९७ मध्ये शिकागोतील अशाच एका प्रकरणी एका कुटुंबाला १ कोटी ६ लाख डॉलरची भरपाई मिळाली. ज्या घरांतल्या निरपराध माणसांवर आरोप आले, त्यांचे नुकसान कोणत्याही सिद्धांताने भरून निघणार नाही. परंतु 'सिबिल' खोटे ठरले, म्हणून विच्छेदन खोटे, हे अनुमान तर्काला धरून नाही. एखादे संतचरित्र काल्पनिक ठरल्याने तो संत होऊन गेलाच नाही असे कोणी म्हणत नाही; चरित्रकाराविषयी काय ते सिद्ध होते. मेसनच्या पत्राचेही तसेच. विल्बर यांनी ते विरोध म्हणून वाचले आणि संशयवादी ते कबुलीजबाब म्हणून वाचतात. आपला आजार नाकारणे ही या रुग्णांत नेहमी आढळणारी गोष्ट असल्याने एकट्या पत्रावरून निर्णय होऊ शकत नाही. संहितेला एकच अर्थ असतो हे आपण कोठेच मानत नाही, मग येथेच का मानावे? शिवाय डॉक्टरचे सुचवणे खरे धरले तरी त्यातून माझाच मुद्दा बळकट होतो. रुग्णाच्या कथनावर दुसऱ्याची इच्छा किती सहज स्वार होते हेच त्यातून दिसते, आणि म्हणून कथनाची संपूर्णता हा बरे होण्याचा पुरावा मानणे अधिकच धोक्याचे ठरते.

४

या साऱ्या वादात प्रत्यक्ष उपचार करणारे लोक समीक्षकांच्या पुढे निघून गेले आहेत, ही आपल्याला न मानवणारी गोष्ट आहे. हर्मन यांनी १९९२ मध्ये सावरण्याचे तीन टप्पे मांडले: सुरक्षितता, स्मरण आणि शोक, व पुन्हा जगाशी नाते. आपल्या निबंधांत मधला टप्पा तेवढा येतो, कारण कथन तेथे आहे. पहिल्या टप्प्याला वर्षे लागतात हे कोणी सांगत नाही. आत्महत्येचे विचार, स्वतःला इजा करणे, झोप, व्यसन, सध्याही छळ करणाऱ्या माणसापासून सुटका: यांत साहित्यिकदृष्ट्या आकर्षक असे काही नाही. हा पाया नसताना आठवणींना हात घालू नये, असा उपचारकांचा आग्रह आहे आणि तो महागात पडलेल्या चुकांतून आलेला आहे.

विच्छेदनाच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेली उपचारविषयक मार्गदर्शक तत्त्वे वाचण्यासारखी आहेत. सर्व अंशांचे पूर्ण विलीनीकरण ही सर्वांत स्थिर फलश्रुती, असे ती म्हणतात खरे. परंतु पुष्कळ रुग्णांना ते साधत नाही आणि काहींना ते नकोच असते, हेही ती मान्य करतात. अशांसाठी अंशांमधील परस्परसहकार्याची व्यवस्था हे उद्दिष्ट ती स्वीकारतात. ही तडजोड आहे असे कोणी म्हणेल. मला त्यात साहित्यविचारासाठी महत्त्वाचे प्रमेय दिसते, कारण या व्यवस्थेचे साधन पुष्कळदा लेखन असते, आणि ते लेखन कथन नसते.

साधी वही घ्या. फ्रँक पुटनम यांच्या १९८९ च्या ग्रंथात सूचनाफलकासारखी एक युक्ती आहे: ज्याला जे सांगायचे असेल त्याने ते ठरलेल्या जागी लिहून ठेवावे, इतरांनी वाचावे. आजही अनेक उपचारक सामायिक दैनंदिनी ठेवायला सांगतात. त्या वहीत काय असते? सकाळी दूध संपले. मुलीच्या शाळेत गुरुवारी जायचे आहे. रात्री भीती वाटली म्हणून दिवा चालू ठेवला, बंद करू नये. अक्षर बदलते, शुद्धलेखन बदलते, एखादे पान लहान मुलाने रेघोट्या मारावे तसे असते. या संहितेला नायक नाही, आरंभ-मध्य-अंत नाही, आणि आघाताची हकिगत त्यात बहुधा नसतेच. तिची कसोटी एकच: काल एकाने लिहिलेले आज दुसऱ्याने वाचले का, आणि त्याप्रमाणे दिवा चालू राहिला का. विस्मृतीची भिंत येथे एकेका विटेने उतरते. आपल्याकडील कथनमीमांसेची हत्यारे कादंबरीसाठी घडवलेली असल्याने या वहीपुढे ती बोथट होतात. दोष वहीचा नाही.

करुथ यांच्याकडे या वहीचे काय होईल? त्यांच्या १९९६ च्या ग्रंथाच्या आरंभी तास्सोच्या महाकाव्यातील टँक्रेड आहे. त्याने नकळत क्लोरिंडाला मारले. पुढे अरण्यात तो वृक्षावर तलवार चालवतो, आणि वृक्षातून तिचा आवाज येतो. करुथ यांच्या मते तो आवाज आघाताचा, जखमेतून बोलणारा. लेज यांचा त्यावरील आक्षेप अजून निरुत्तर आहे: वार झाला क्लोरिंडावर, आणि आघातग्रस्त ठरला मात्र वार करणारा टँक्रेड. हे केवळ उदाहरण चुकल्याने झालेले नाही. आघात हा मुळातच अनुभवाच्या आणि भाषेच्या पलीकडचा ठरवला, की तो कोणाचा हा प्रश्न गौण होतो. आवाज उरतो, ज्याच्या गळ्यातून तो निघाला तो माणूस उरत नाही. येल विद्यापीठातील वाचनपद्धतीला हे शोभून दिसते. ज्या बाईला काल संध्याकाळी आपण काय बोललो हे आठवत नाही, तिला आपला आवाज परत हवा असतो, आणि तो अनाम आहे असे सांगणारा सिद्धांत तिच्या काही उपयोगाचा नाही.

५

हा मुद्दा मराठीत अधिक स्पष्टपणे मांडता येतो, आणि तो इंग्रजीच्या मागे चालल्याने आपल्या ध्यानात आलेला नाही.

ट्रडी चेस यांचे पुस्तक १९८७ चे. लेखक म्हणून तेथे 'ट्रडी चेससाठी, तिच्या पथकाचे' असे नाव आहे; पथकात ब्याण्णव आवाज, त्यांत पुरुषही आहेत आणि मुलेही. विलीन होण्याला या पथकाने नकार दिला. समजा, असे पुस्तक मराठीत आणायचे आहे. इंग्रजीत 'मी गेलो' आणि 'मी गेले' हा भेद क्रियापदात नाही. तेथे बोलणारा पुरुष की स्त्री हे वाक्यागणिक झाकून ठेवता येते. मराठीत पहिल्याच भूतकाळी क्रियापदाला निर्णय द्यावा लागेल. 'मी'मध्ये कोण बोलते आहे हे आपले व्याकरण विचारल्याशिवाय राहत नाही.

त्याहून महत्त्वाचे अनेकवचन. इंग्रजीत एकच 'वी' आहे. मराठीत दोन आहेत: ऐकणाऱ्याला वगळणारे 'आम्ही' आणि त्याला धरणारे 'आपण'. अंश जेव्हा उपचारकाला सांगतात, 'आम्ही काल झोपलो नाही', तेव्हा तो बाहेरचा असतो. एक अंश दुसऱ्याला लिहितो, 'दिवा आपण चालू ठेवू', तेव्हा दुसऱ्याचे अस्तित्व, त्याची भीती आणि त्याचे मत लिहिणाऱ्याने धरलेले असते. विच्छेदित ओळखीच्या व्यक्तीचा आरंभीचा काळ बहुधा तृतीयपुरुषी असतो: ते तिने केले, मला माहीत नाही. तेथून 'आम्ही'पर्यंत येणे ही मोठी मजल आहे, आणि 'आम्ही'पासून 'आपण'पर्यंतची त्याहून मोठी. त्यापुढे 'मी' येईल किंवा येणार नाही. साइझमोर यांच्या बाबतीत १९७० च्या दशकात तो आला आणि टिकला, असे त्यांनी सांगितले आहे. १९८९ च्या पुस्तकात त्यांनी या एकपणाविषयी लिहिले. चेस यांच्या बाबतीत तो आला नाही. दोघींपैकी एकीला यशस्वी आणि दुसरीला अपुरी ठरवणारा समीक्षक कादंबरीच्या शेवटाची वाट पाहत बसलेला आहे.

६

आता एक प्रश्न आपल्या घरचा. निदानपुस्तिकेच्या २०१३ च्या आवृत्तीने नोंदवले की, काही संस्कृतींत ही अवस्था बाहेरच्या शक्तीने ताबा घेतल्याच्या रूपात अनुभवली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ मध्ये स्वीकारलेल्या रोगवर्गीकरणात अशा संचाराच्या विकृतीसाठी वेगळा वर्गही आहे. समाजाने मान्य केलेल्या धार्मिक आचारातला संचार दोन्हींनी विकृतीबाहेर ठेवला, हे बरे केले. जत्रेत देवीचे वारे येणाऱ्या प्रत्येक बाईला रुग्ण ठरवण्याचा उद्योग कोणी करू नये. व्हॅन डर हार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ च्या आपल्या सिद्धांतग्रंथाला दिलेले नावही 'पछाडलेला स्व' अशा अर्थाचे आहे. म्हणजे शास्त्राला देखील ही भाषा टाळता आलेली नाही.

आपल्या स्त्रीवादी आणि लोकसाहित्याच्या अभ्यासात अंगात येण्याचा एक लाडका अर्थ रूढ झाला आहे: एरवी गप्प असलेली सून संचारात सासूला, नवऱ्याला सुनावते, म्हणून संचार हा दडपलेल्या स्त्रीचा प्रतिकार होय. यातले निरीक्षण खरे आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मला घाईचा वाटतो. सुनावले कोणी? घरच्यांच्या लेखी देवीने किंवा भुताने. शुद्धीवर आल्यावर त्या बाईला आपण काय बोललो हे पुष्कळदा आठवत नाही. तिचे शब्द सगळ्यांनी ऐकले, तिच्याखेरीज. त्या शब्दांच्या आधाराने उद्या ती भांडू शकत नाही, कोर्टात जाऊ शकत नाही, माहेरी सांगू शकत नाही. प्रतिकाराचे हे अर्थनिर्णयन आणि करुथ यांचा अनाम आवाज यांच्यात फारसे अंतर नाही.

देवऋषी 'झाडा'ला विचारतो: तू कोण, कुठून आलास, का धरलेस, काय घेतल्यावर सोडशील? नाव विचारणे, हेतू विचारणे आणि अटी ठरवणे, ही रीत प्रिन्स आणि विल्बर यांच्याहून फार निराळी नाही. नाव विचारले की नाव मिळते. हॅकिंग ज्या प्रक्रियेला वर्गीकरण आणि माणूस यांचे परस्परांना घडवणे म्हणतात, ती मांडवातही चालते. फरक पडतो तो झाड बोलले नाही की मिरचीची धुरी आणि छडी येते तेव्हा. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर त्याच वर्षी महाराष्ट्रात जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याच्या अनुसूचीत भूत उतरवण्याच्या निमित्ताने होणारी मारहाण, साखळदंडांनी बांधणे आणि धुरी देणे यांचा स्पष्ट समावेश आहे. कायद्याने छडी थांबवता येते. छडी थांबल्यावर त्या बाईने कोठे जायचे, ताबा घेणारा आवाज तिचाच असेल तर तिने तो कोणाच्या साहाय्याने ऐकायचा, हे काम कायद्याचे नाही. ज्या तालुक्यात मनोविकारतज्ज्ञ आठवड्यातून एकदा येतो आणि गोळ्या लिहून जातो, तेथे वर्षानुवर्षांच्या संवादाचा उपचार कोण करणार, याचे उत्तर आपल्या लाडक्या अर्थनिर्णयनात नाही.

लोकसाहित्याच्या क्षेत्रीय नोंदी घेणाऱ्या विद्यार्थ्यांना संचारातले बोलणे शब्दशः टिपायला शिकवले जाते. त्या नोंदवहीत आणखी एक रकाना असावा, अशी माझी साधी सूचना आहे: दुसऱ्या दिवशी, वारे उतरल्यावर, त्या बाईला काल आपण काय बोललो हे विचारावे, तिला ते ऐकायचे असेल तर ऐकवावे, आणि त्यावर ती जे म्हणेल ते तिच्याच क्रियापदांत लिहून घ्यावे.